लिस्प सुरू होताच लायब्ररी आपोआप लोड व्हावी यासाठी

रोज लिस्प उघडायची आणि रोज त्याच तीन-चार ओळी टाइप करून त्याच लायब्ऱ्या लोड करायच्या, हा वैताग एका छोट्या फाइलने संपतो. ती फाइल कुठे ठेवायची, तिच्यात काय लिहायचे आणि काय मुळीच लिहायचे नाही, हे पुढे पायरीपायरीने दिले आहे. उदाहरणे कॉमन लिस्पची आणि मुख्यतः एसबीसीएलची (कॉमन लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवणाऱ्या एका प्रोग्रॅमची) आहेत, कारण आज नवशिका बहुधा तिथूनच सुरुवात करतो. इतर लिस्पसाठी काय बदलते तेही शेवटाकडे येईल.

वाचण्याआधी एक सूचना. आज्ञा, फाइलींची नावे आणि कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. मशीनवर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे. कंस, कोलन, अवतरणचिन्हे, डॅश मात्र जशी दिसतात तशीच ठेवायची. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

इनिट फाइल कधी वाचली जाते

लिस्प सुरू होताना, तुमच्यासमोर प्रॉम्प्ट येण्याच्या आधी, ती एक ठरावीक फाइल शोधते. सापडली तर त्यातला कोड वरून खाली चालवते. हीच इनिट फाइल. कॉमन लिस्पचे अन्सी प्रमाणक १९९४ सालचे आहे, पण त्यात या फाइलीबद्दल काहीच ठरवलेले नाही. म्हणून प्रत्येक लिस्पने आपापले नाव निवडले, आणि एका लिस्पसाठी केलेली सोय दुसरीत आपोआप मिळत नाही.

एसबीसीएल दोन फाइली बघते. पहिली सगळ्या वापरकर्त्यांसाठी, तिला सिसइनिट म्हणतात. ती बहुतेक यंत्रांवर नसतेच आणि तिची चिंता करू नका. दुसरी तुमची स्वतःची, यूजरइनिट. ती होम फोल्डरमध्ये असते आणि तिचे नाव ~/.एसबीसीएलआरसी. आधी टिंब, मग एस, बी, सी, एल, आर, सी ही सहा अक्षरे, शेवटी कोणतेही एक्स्टेन्शन नाही. या दोन्ही फाइली वाचून झाल्यावरच कमांड लाइनवर दिलेले --लोड आणि --इव्हॅल हे पर्याय, ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने, चालतात. हा क्रम लक्षात ठेवा. इनिट फाइलीत लोड झालेली लायब्ररी --इव्हॅलमध्ये वापरता येते ती याच क्रमामुळे, आणि इनिट फाइलीत घोळ असेल तर --इव्हॅलपर्यंत गाडी पोहोचतच नाही, तेही यामुळेच.

फाइल नेमकी कुठे ठेवायची याचा अंदाज बांधू नका, लिस्पलाच विचारा. एसबीसीएल सुरू करून हे द्या:

(फनकॉल एसबी-एक्स्ट:*यूजरइनिट-पाथनेम-फंक्शन*)

उत्तरात जो पूर्ण पत्ता येईल, तीच जागा. विंडोजवर हे फार उपयोगी पडते, कारण तिथे होम फोल्डर कोणता धरला जातोय यावरून गोंधळ होतो. विंडोजवरच आणखी एक नेहमीची अडचण अशी की, नोटपॅडमध्ये सेव्ह केलेल्या फाइलीला मागून .टीएक्सटी चिकटते आणि एक्स्प्लोरर ते शेपूट लपवून ठेवतो. दिसायला नाव बरोबर, पण लिस्पला फाइल सापडत नाही. सेव्ह करताना फाइलीचा प्रकार "ऑल फाइल्स" निवडा. लिनक्स आणि मॅकवर टिंबाने सुरू होणारी फाइल यादीत दिसत नाही. टर्मिनलमध्ये एलएस -ए दिले की दिसते.

लायब्ररीकडे वळण्याआधी फाइल वाचली जाते की नाही एवढेच तपासून घ्या. त्यात एकच ओळ लिहा:

(फॉरमॅट टी "इनिट फाइल वाचली~%")

हे वाक्य रोमन अक्षरांत लिहिले तरी चालेल. एसबीसीएल नव्याने सुरू केल्यावर ते छापून आले, तर पाया पक्का आहे. नाही आले, तर पुढची कोणतीही पायरी चालणार नाही. आधी जागा आणि नाव दुरुस्त करा. तपासणी झाली की ही ओळ काढून टाका. इनिट फाइल गप्प असलेली बरी, कारण तिने छापलेली अक्षरे उद्या दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायच्या आउटपुटमध्ये मिसळतात.

क्विकलिस्प बसवणे

लायब्ररी नुसती डिस्कवर असून भागत नाही. ती कुठे आहे, तिला आणखी कोणत्या लायब्ऱ्या लागतात, कोणती फाइल आधी कंपाइल करायची, हे कुणाला तरी ठाऊक असावे लागते. हे काम एएसडीएफ करते, आणि ती एसबीसीएलसोबतच येते. इंटरनेटवरून लायब्ररी आणून एएसडीएफच्या हवाली करण्याचे काम क्विकलिस्प करते. झॅक बीन यांनी ती २०१० मध्ये आणली. नाव अजून बीटा असले तरी रोजच्या कामाला ती अगदी भरवशाची आहे.

१. बीटा.क्विकलिस्प.ऑर्ग या पत्त्यावरून क्विकलिस्प.लिस्प ही एकच फाइल उतरवा.

२. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे टर्मिनल उघडून लिहा: एसबीसीएल --लोड क्विकलिस्प.लिस्प

३. प्रॉम्प्टवर: (क्विकलिस्प-क्विकस्टार्ट:इन्स्टॉल)
होम फोल्डरमध्ये क्विकलिस्प नावाचा फोल्डर तयार होतो. तो दुसरीकडे हवा असेल तर याच आज्ञेला :पाथ आणि पुढे अवतरणांत पत्ता द्या. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर शेवटचा शब्द फोल्डर न समजता फाइलीचे नाव समजला जातो.

४. (क्यूएल:ॲड-टू-इनिट-फाइल)
कोणत्या फाइलीत काय लिहिणार हे ती आधी दाखवते आणि एंटर दाबायला सांगते. दाखवलेला पत्ता मघाशी लिस्पने सांगितलेल्या पत्त्याशी जुळतोय ना, एवढे बघून एंटर दाबा.

५. (क्विट) देऊन बाहेर या आणि एसबीसीएल पुन्हा सुरू करा.

"आधीच इन्स्टॉल आहे" असा एरर तिसऱ्या पायरीला आला, तर पूर्वी कधीतरी क्विकलिस्प बसवलेली आहे. फोल्डर पुसायची गरज नाही. त्या फोल्डरमधली सेटअप.लिस्प ही फाइल लोड करा आणि चौथ्या पायरीवर जा.

चौथ्या पायरीने इनिट फाइलीत काय लिहिले ते एकदा उघडून वाचाच. तिथे #-क्विकलिस्प असे चिन्ह आहे आणि त्याखाली एक लेट. अर्थ असा: क्विकलिस्प आधीच लोड असेल तर हा भाग सोडून दे, नसेल तर सेटअप.लिस्प अस्तित्वात आहे का बघ, असेल तर लोड कर. फोल्डर हलवला किंवा नाव बदलले तर हा कोड तक्रार न करता पुढे जातो, आणि नंतर "क्यूएल नावाचे पॅकेज नाही" असा एरर दुसऱ्याच ओळीवर येतो (पॅकेज म्हणजे कोडमधल्या नावांचा गट; क्यूएल हा क्विकलिस्पचा). मूळ कारण मात्र इथे असते.

आता लायब्ररीची ओळ

क्विकलिस्पने लिहिलेल्या ओळींच्या खाली (वर नव्हे) हे लिहा:

#+क्विकलिस्प
(क्यूएल:क्विकलोड "अलेक्झांड्रिया" :सायलेंट टी)

अलेक्झांड्रिया ही याद्या, हॅश टेबल, स्ट्रिंग वगैरेंसाठी छोट्या उपयोगी फंक्शनांची लायब्ररी. पहिल्या प्रयोगाला ती उत्तम, कारण लहान आहे आणि तिला दुसरी कोणतीही लायब्ररी लागत नाही. एकाहून जास्त हव्या असतील तर यादी द्या: '("अलेक्झांड्रिया" "सीएल-पीपीसीआरई"). यादीआधीचे एकेरी चिन्ह राहिले, तर लिस्प "अलेक्झांड्रिया" हे फंक्शन समजून चालवायला जाते आणि अडते.

:सायलेंट टी मुळे लोड होतानाची बडबड बंद होते. लायब्ररी नवी असेल तेव्हा पहिल्यांदा ते काढून ठेवा, म्हणजे काय उतरले आणि काय कंपाइल झाले ते दिसेल. इंटरनेट फक्त त्या पहिल्या वेळी लागते. त्यानंतर सगळे डिस्कवरून येते, आणि कंपाइल झालेल्या फाइली (लिनक्स आणि मॅकवर ~/.कॅश/कॉमन-लिस्प या फोल्डरमध्ये) एसबीसीएलच्या आवृत्तीनुसार वेगळ्या ठेवल्या जातात. एसबीसीएल अपग्रेड केल्यावर पहिली सुरुवात एकदम संथ झाली तर घाबरू नका. नव्या आवृत्तीसाठी सगळे पुन्हा कंपाइल होत असते. दुसऱ्यांदा वेग परत येतो.

लोड झाली की नाही हे असे तपासा: (फाइंड-पॅकेज "अलेक्झांड्रिया"). इथे अवतरणांतले नाव रोमन मोठ्या अक्षरांत हवे, कारण लिस्पचा रीडर, म्हणजे कोड वाचणारा भाग, साध्या चिन्हांची अक्षरे मोठी करून घेतो, पण स्ट्रिंगला हात लावत नाही. लहान अक्षरांत विचारले तर लायब्ररी असूनही उत्तर निल येते.

सगळ्यात जास्त माणसे इथे अडतात

पुढचा कोड अगदी निर्दोष दिसतो:

(प्रॉग्न
  (क्यूएल:क्विकलोड "अलेक्झांड्रिया")
  (प्रिंट (अलेक्झांड्रिया:फ्लॅटन '(१ (२ ३)))))

आणि तरीही "अलेक्झांड्रिया नावाचे पॅकेज नाही" असा एरर येतो. आधीच्याच ओळीत तर लोड केली! हे का होते ते समजले की इनिट फाइलीतले निम्मे प्रश्न सुटतात.

लिस्प कोड दोन टप्प्यांत हाताळते. आधी रीडर एक अख्खा फॉर्म, म्हणजे सुरुवातीच्या कंसापासून त्याच्या जोडीच्या कंसापर्यंतचा सगळा मजकूर, वाचून काढतो. मग तो फॉर्म चालवला जातो. वाचतानाच रीडरला "अलेक्झांड्रिया:फ्लॅटन" दिसते. कोलनच्या आधीचे नाव म्हणजे पॅकेज, ते त्याच क्षणी अस्तित्वात हवे. पण क्विकलोड तर अजून चाललेलेच नाही, कारण प्रॉग्नचा शेवटचा कंस यायचा आहे. म्हणून एरर वाचतानाच येतो.

उपाय सोपा आहे: दोन्ही ओळी प्रॉग्नच्या बाहेर, स्वतंत्र फॉर्म म्हणून लिहा. फाइल लोड होताना एक फॉर्म वाचला जातो, चालतो, मग पुढचा वाचला जातो. त्यामुळे दुसरा वाचायला घेतला तेव्हा पॅकेज तयार असते. लेट, व्हेन, डीफन, हँडलर-केस (एरर झेलणारा फॉर्म) या सगळ्यांना हाच नियम लागू. काही कारणाने एकाच फॉर्ममध्ये लिहावेच लागले, तर नाव वाचताना नव्हे तर चालताना शोधा:

(फनकॉल (फाइंड-सिंबल "फ्लॅटन" "अलेक्झांड्रिया") '(१ (२ ३)))

दोन्ही नावे पुन्हा मोठ्या रोमन अक्षरांत.

याच कारणाने क्विकलोडच्या आधी #+क्विकलिस्प लावले. क्विकलिस्प नसलेल्या यंत्रावर हीच इनिट फाइल नेली, तर "क्यूएल:" वाचतानाच रीडर अडखळेल; तिथे व्हेन किंवा हँडलर-केसचा आडोसा कामाचा नाही, कारण तो चालायच्या आधीच गाडी अडलेली असते. #+ मात्र रीडरचीच खूण आहे. अट खोटी असेल तर पुढचा फॉर्म रीडर ओलांडून जातो, आणि ओलांडताना त्यातले पॅकेज आहे की नाही हे तपासतही नाही. फक्त हे चिन्ह लगेच पुढच्या एकाच फॉर्मला लागू होते. वर एकदा लिहिले की खालच्या सगळ्या ओळींना लागेल, अशी समजूत करून घेऊ नका. प्रत्येक फॉर्मआधी ते वेगळे लिहावे लागते.

लायब्ररी स्वतःच मोडली असेल, तिची नवी आवृत्ती कंपाइल होत नसेल, तर मात्र हँडलर-केस हवेच. दोन्ही मिळून असे दिसते:

#+क्विकलिस्प
(हँडलर-केस
    (क्यूएल:क्विकलोड "अलेक्झांड्रिया" :सायलेंट टी)
  (एरर (ई)
    (फॉरमॅट *एरर-आउटपुट* "~&लोड झाली नाही: ~ए~%" ई)))

आता लायब्ररी मोडली तरी लिस्प सुरू होते, आणि काय झाले ते एका ओळीत कळते. संदेश *एरर-आउटपुट* वर पाठवला आहे, म्हणजे प्रोग्रॅमच्या खऱ्या आउटपुटमध्ये तो मिसळत नाही.

इनिट फाइल मोडली तर

एखादा कंस राहिला आणि एसबीसीएल उघडताच थेट डिबगरमध्ये गेली, तर हे करा: एसबीसीएल --नो-यूजरइनिट. या पर्यायाने तुमची फाइल वाचलीच जात नाही आणि स्वच्छ प्रॉम्प्ट मिळतो. मग तिथे (लोड "~/.एसबीसीएलआरसी") देऊन फाइल हाताने चालवा, एरर शांतपणे वाचा. "फाइल अचानक संपली" अशा अर्थाचा संदेश असेल तर कुठेतरी बंद कंस किंवा अवतरणचिन्ह कमी आहे. तो फॉर्म कुठल्या ओळीवर सुरू झाला तेही बहुधा संदेशात असते. इनिट फाइलीत कोणताही बदल करताना जुने लिस्प सत्र बंद करू नका. दुसऱ्या टर्मिनलमध्ये नवी सुरू करून बघा आणि ती नीट उघडली की मगच जुनी बंद करा.

नाव लायब्ररीचे, नाव पॅकेजचे

क्विकलोडला द्यायचे ते सिस्टिमचे नाव, म्हणजे एएसडीएफ लायब्ररीला ज्या नावाने ओळखते ते. कोडमध्ये कोलनच्या आधी लिहायचे ते पॅकेजचे नाव. अलेक्झांड्रियात दोन्ही एकच आहेत, पण नेहमी असे नसते. चाचण्या लिहिण्याच्या फाइव्हॲम या लायब्ररीची सिस्टिम फाइव्हॲम, पण पॅकेजचे सोयीचे टोपणनाव ५एएम. सीएल-पीपीसीआरई लोड करायची आणि पीपीसीआरई म्हणून वापरायची. नाव नीट आठवत नसेल तर (क्यूएल:सिस्टिम-ॲप्रोपोस "पीपीसीआरई") दिले की जुळणाऱ्या सिस्टिमची यादी येते.

प्रत्येक वेळी पूर्ण पॅकेजचे नाव लिहायचा कंटाळा येतो, म्हणून नवशिके इनिट फाइलीत (यूज-पॅकेज :अलेक्झांड्रिया) लिहितात. हे टाळा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. त्या लायब्ररीने बाहेर ठेवलेली सगळी नावे तुमच्या पॅकेजमध्ये येऊन बसतात. दोन लायब्ऱ्यांनी एकच नाव वापरले असेल तर नावांची टक्कर होते आणि डिबगर उघडतो. दुसरी लायब्ररी नसली तरी टक्कर होऊ शकते. प्रॉम्प्टवर तुम्ही चुकून नुसते फ्लॅटन टाइप केले, "असे फंक्शन नाही" असा एरर आला, आणि मग यूज-पॅकेज दिले, तर तेवढ्यानेही होते. कारण टाइप करताच त्या नावाचे चिन्ह तुमच्या पॅकेजमध्ये जन्माला आलेले असते.

त्याऐवजी छोटे टोपणनाव द्या:

(एसबी-एक्स्ट:ॲड-पॅकेज-लोकल-निकनेम :ए :अलेक्झांड्रिया :सीएल-यूजर)

यापुढे ए:फ्लॅटन एवढे लिहिले की झाले. शेवटी :सीएल-यूजर लिहिले म्हणून टोपणनाव फक्त त्याच पॅकेजपुरते आहे. इन-पॅकेज देऊन दुसरीकडे गेलात की ते चालणार नाही. प्रॉम्प्टवरच्या कामासाठी हे पुरेसे आहे आणि कुणाच्या कोडला धक्काही लागत नाही. अलेक्झांड्रिया लोड झाली नसेल तर ही ओळही अडेल, त्यामुळे हिलाही हँडलर-केसमध्ये ठेवा. इथे कोलनच्या आधी लायब्ररीचे पॅकेज लिहिलेले नाही, नुसते कीवर्ड (कोलनने सुरू होणारी नावे) आहेत, म्हणून वाचताना काही बिघडत नाही.

स्वतःची लायब्ररी

तुमची स्वतःची, इंटरनेटवर नसलेली लायब्ररी असेल आणि तिला .एएसडी फाइल (लायब्ररीची माहिती एएसडीएफला देणारी) असेल, तर तिचा फोल्डर दोनपैकी एका जागी ठेवा: ~/क्विकलिस्प/लोकल-प्रोजेक्ट्स किंवा ~/कॉमन-लिस्प. दोन्ही जागी क्विकलोड तिला शोधून काढते, वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. पहिल्या जागी नुकताच ठेवलेला फोल्डर सापडत नसेल तर (क्यूएल:रजिस्टर-लोकल-प्रोजेक्ट्स) द्या. क्विकलिस्प तिथल्या सिस्टिमची सूची एका फाइलीत ठेवते आणि ती सूची शिळी झालेली असते. दुसऱ्या जागी हाच त्रास झाला तर (एएसडीएफ:क्लिअर-सोर्स-रजिस्ट्री). लिस्प चालू असताना फोल्डर ठेवला तरच याची गरज पडते. नव्याने सुरू केल्यावर तो दिसतोच.

एकाच नावाची लायब्ररी लोकल-प्रोजेक्ट्समध्येही असेल आणि क्विकलिस्पच्या संग्रहातही असेल, तर तुमची स्थानिक प्रत उचलली जाते. एखाद्या लायब्ररीत स्वतः दुरुस्ती करून बघायची असेल तर हे फार कामाचे. सहा महिन्यांनी ती प्रत तिथेच विसरली आणि "अपडेट करूनही जुनेच का लोड होते" म्हणून डोके धरून बसलात, तर (क्यूएल:व्हेअर-इज-सिस्टिम "नाव") विचारा. कोणता फोल्डर वापरला जातोय ते लगेच कळेल.

नुसती एक सुटी फाइल असेल, तर साधे लोड पुरते. पण पत्ता अर्धवट देऊ नका. (लोड "मदत.लिस्प") लिहिले तर लिस्प ज्या फोल्डरमधून सुरू केली तिथे ती शोधली जाते: आज सापडेल, उद्या नाही. होम फोल्डरपासून पत्ता बांधा आणि फाइल नसली तरी अडू नये म्हणून शेवटी :इफ-डझ-नॉट-एक्झिस्ट निल जोडा:

(लोड (मर्ज-पाथनेम्स "लिस्प/मदत.लिस्प" (यूजर-होमडिर-पाथनेम)) :इफ-डझ-नॉट-एक्झिस्ट निल)

अशा सुट्या फाइलीत वर इन-पॅकेज लिहिले असेल, तर त्याचा परिणाम ती फाइल संपेपर्यंतच टिकतो. लोड सुरू होताना चालू पॅकेज बाजूला जपून ठेवते आणि शेवटी परत आणते. हे प्रमाणकातच आहे.

काय इनिट फाइलीत नको

इनिट फाइल तुमच्या बोटांसाठी आहे, तुमच्या प्रोग्रॅमसाठी नाही. प्रॉम्प्टवर चाचपडताना जे हाताशी लागते तेच तिथे ठेवा. प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी तिथे ठेवली, की प्रोग्रॅम तुमच्या यंत्रावर बिनबोभाट चालतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर पहिल्याच ओळीला कोसळतो. वाईट हे, की चूक तुम्हाला कधी दिसतच नाही, कारण तुमच्याकडे लायब्ररी नेहमीच लोड असते.

प्रोग्रॅमच्या गरजा त्याच्या .एएसडी फाइलीत लिहायच्या:

(एएसडीएफ:डेफसिस्टिम "हिशेब"
  :डिपेंड्स-ऑन ("अलेक्झांड्रिया" "सीएल-पीपीसीआरई")
  :कॉम्पोनंट्स ((:फाइल "मुख्य")))

एवढे असले की (क्यूएल:क्विकलोड "हिशेब") म्हटल्यावर बाकीच्या लायब्ऱ्या आपोआप येतात, कुणाच्याही यंत्रावर. ही यादी खरेच पूर्ण आहे का, याची खात्री अशी करा: एसबीसीएल --नो-यूजरइनिट --लोड ~/क्विकलिस्प/सेटअप.लिस्प अशी सुरू करून तिथे आपली सिस्टिम लोड करा. इनिट फाइलीचा आधार काढल्यावर जे अडते, ते .एएसडीत लिहायचे राहिलेले असते. काम दुसऱ्याच्या हाती देण्याआधी दर वेळी ही तपासणी करा.

स्क्रिप्टच्या बाबतीत एसबीसीएल स्वतःच कडक आहे. --स्क्रिप्ट पर्यायाने फाइल चालवली की सिसइनिट आणि यूजरइनिट दोन्ही वाचल्या जात नाहीत, डिबगरही बंद असतो. "प्रॉम्प्टवर चालते, स्क्रिप्टमध्ये क्यूएल सापडत नाही" या तक्रारीचे कारण बहुधा हेच. स्क्रिप्टच्या पहिल्या फॉर्ममध्ये सेटअप.लिस्प स्वतः लोड करा, आणि क्विकलोड दुसऱ्या, वेगळ्या फॉर्ममध्ये. इनिट फाइल वाचूनच काम करून बाहेर पडायचे असेल तर --स्क्रिप्टऐवजी --नॉन-इंटरॅक्टिव्ह --लोड वापरा.

सुरुवात जड झाली तर

दोन-चार लहान लायब्ऱ्यांनी फरक जाणवत नाही. वेब सर्व्हर, डेटाबेस, त्यांच्या मागच्या वीस-तीस अवलंबित लायब्ऱ्या असे सगळे भरले, की प्रॉम्प्ट यायला काही सेकंद लागतात. किती लागतात ते मोजा. लिनक्स किंवा मॅकवर टाइम एसबीसीएल --नॉन-इंटरॅक्टिव्ह --इव्हॅल "(एक्झिट)" चालवा, मग तेच --नो-यूजरइनिटसह. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या इनिट फाइलीची किंमत.

तो फरक खुपत असेल, तर लायब्ऱ्या रोज लोड करण्याऐवजी एकदा लोड करून लिस्पची पूर्ण स्मृतीच फाइलीत जतन करा. हिला कोअर म्हणतात.

१. साध्या टर्मिनलमध्ये एसबीसीएल सुरू करा.

२. हव्या त्या सगळ्या लायब्ऱ्या क्विकलोड करा.

३. (एसबी-एक्स्ट:सेव्ह-लिस्प-अँड-डाय "काम.कोअर") द्या. नावाप्रमाणे जतन करून ही लिस्प बंद पडते. ते अपेक्षितच आहे.

४. यापुढे एसबीसीएल --कोअर काम.कोअर अशी सुरू करा. लायब्ऱ्या आतच असतात, प्रॉम्प्ट जवळजवळ लगेच येतो.

पहिली पायरी साध्या टर्मिनलमध्येच का? कारण एकाहून जास्त थ्रेड चालू असतील तर एसबीसीएल कोअर जतन करायला नकार देते, आणि स्लाइम (इमॅक्स या एडिटरमधून लिस्प वापरण्याची सोय) पाठीमागे स्वतःचे थ्रेड चालवते. लायब्ररीने लोड होतानाच एखादा थ्रेड सुरू केला असेल तरी हाच नकार मिळेल. उघड्या फाइली आणि नेटवर्क जोडण्या कोअरमध्ये टिकत नाहीत, त्या नंतर नव्याने उघडाव्या लागतात. कोअर फाइल मोठी असते. लायब्ऱ्या न घालताच साधारण ३० ते ४० एमबी, वर तुमची भर. आणि ती ज्या एसबीसीएलने बनवली तिच्याशीच जुळते. एसबीसीएल अपग्रेड केली की जुनी कोअर चालत नाही, पुन्हा बनवावी लागते. क्विकलिस्पमधून लायब्ररी अपडेट केली तरी कोअरमध्ये जुनीच राहते. म्हणून या चार पायऱ्या एका छोट्या फाइलीत लिहून ठेवा, म्हणजे नवी कोअर एका आज्ञेत तयार होईल.

कोअर वापरतानाही ~/.एसबीसीएलआरसी वाचली जातेच. क्विकलिस्प दुसऱ्यांदा लोड होत नाही ती त्या #-क्विकलिस्प चिन्हामुळे. ते "निरुपयोगी दिसते" म्हणून पुसू नका.

स्लाइममधून

स्लाइम आतून एसबीसीएलच चालवते, त्यामुळे तीच इनिट फाइल वाचली जाते. वेगळे काही करायला नको. फक्त इनिट फाइलीत एरर आला किंवा तिने काही प्रश्न विचारला, तर स्लाइम "पोलिंग" म्हणत ताटकळत राहते आणि प्रॉम्प्ट येत नाही. अशा वेळी *इन्फिरिअर-लिस्प* हा बफर उघडा, डिबगर तिथे तुमची वाट बघत असतो. एखादी गोष्ट फक्त स्लाइमच्या वेळी हवी, टर्मिनलमध्ये नको, अशी असेल तर ती ~/.स्वँक.लिस्प या फाइलीत लिहा. आणि टर्मिनलमध्ये लायब्ररी दिसते पण स्लाइममध्ये नाही, असे असेल तर इन्फिरिअर-लिस्प-प्रोग्रॅम या चलाची किंमत बघा: तिथे कदाचित दुसरीच लिस्प किंवा --नो-यूजरइनिट लिहिलेले असेल.

इतर लिस्प

क्लोझर सीएल ~/.सीसीएल-इनिट.लिस्प वाचते, ईसीएल ~/.ईसीएलआरसी, क्लिस्प ~/.क्लिस्पआरसी.लिस्प, एबीसीएल ~/.एबीसीएलआरसी. फाइल न वाचता सुरू करायचे पर्यायही वेगळे: क्लोझरला --नो-इनिट, ईसीएलला --नोआरसी, क्लिस्पला एका डॅशने -नोआरसी, एबीसीएलला --नोइनिट. क्विकलिस्पचा फोल्डर सगळ्यांना एकच चालतो, दर लिस्पसाठी पुन्हा बसवू नका. फक्त त्या-त्या लिस्पमध्ये एकदा सेटअप.लिस्प लोड करून (क्यूएल:ॲड-टू-इनिट-फाइल) द्या, ती योग्य फाइलीत लिहून देते. एसबी-एक्स्टने सुरू होणाऱ्या ओळी मात्र दुसऱ्या लिस्पमध्ये तशाच नेऊ नका; न्यायच्याच असतील तर आधी #+एसबीसीएल लावा.

सगळे बरोबर असूनही लोड होत नाही

तेव्हा लिस्प कोणाच्या नावाने चालली आहे ते बघा. सुडोने चालवली की होम फोल्डर रूटचा धरला जाऊ शकतो आणि तुमची फाइल नजरेआड जाते. सर्व्हिस म्हणून किंवा कंटेनरमध्ये चालणाऱ्या लिस्पचेही तसेच. तिथे होम फोल्डर वेगळा असतो, कधी ठरवलेलाच नसतो. तिथे (यूजर-होमडिर-पाथनेम) छापून बघा. अशा ठिकाणी होमवर विसंबू नका. --नो-यूजरइनिट देऊन, सेटअप.लिस्पचा पूर्ण पत्ता --लोडला द्या आणि त्यापुढे तुमची सिस्टिम लोड करा.